चाळीस मिनिटं लवकर, तरी लेटमार्क

लिफ्ट बंद होती म्हणून मी जिन्याने वर निघाले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या टप्प्यावर आमच्या बिलिंग विभागातल्या एक बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर पर्स, पायातले बूट काढून बाजूला ठेवलेले, डोकं भिंतीला टेकलेलं. झोप लागलेली नव्हती, नुसते डोळे मिटले होते. घड्याळात आठ पन्नास झाले होते. ऑफिस साडेनऊचं.

हे दृश्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्याच बाईंची फाइल तेव्हा माझ्या टेबलावर होती. तीन महिन्यांत सात लेटमार्क, दोनदा अर्ध्या दिवसाचा पगार कापलेला आणि खाली विभागप्रमुखांचा शेरा : 'वेळेचं गांभीर्य नाही.'

मी एचआरमध्ये काम करते. पुढे जे लिहिते आहे ते त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मिनिटं आणि हिशेब मात्र त्यांच्या वहीतले आहेत.

प्रकरण काय होतं

वय ४२, याच कंपनीत ११ वर्षं. घर शहराच्या अगदी कडेला, ऑफिसपासून ३४ किलोमीटर. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं त्या बसने वीस मिनिटांच्या अंतरावर भाड्याने राहत होत्या. मुलगी झाली, एका खोलीत भागेना, आणि ज्या पैशात दोन खोल्या मिळतील अशी जागा शोधत शोधत त्या शहराच्या टोकाला पोचल्या. नवऱ्याची नोकरी त्याच टोकाकडे, त्यामुळे त्यांचं जाणं-येणं सोपं झालं. घर निवडताना एकाची सोय पाहिली की दुसऱ्याची जाते. त्यांच्या घरात ती बाईंची गेली.

रोजचा रस्ता असा : घरापासून स्टेशनपर्यंत १२ मिनिटं चालत, मग ५२ मिनिटांची गाडी, मग जंक्शनला उतरून जिना चढून दुसऱ्या मार्गावरची गाडी, १४ मिनिटांची, आणि शेवटी ९ मिनिटं पायी. गाडी बदलण्यात तीन मिनिटं. सगळं सुरळीत असेल तर दीड तास.

साडेनऊला पोचायचं तर आठला निघालं तरी चालेल, असं कागदावर दिसतं. त्या निघायच्या सात वीसला.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली, ती इथे सांगायलाच हवी. फाइल समोर होती, लेटमार्क मोजलेले होते, आणि मी सल्ला दिला, "थोडं आधी निघून बघा ना." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी आधीच निघते. अजून किती आधी निघू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. जिन्यावरचं ते दृश्य दोन दिवसांनी दिसलं, आणि मी काय बोलून बसले होते ते तेव्हा कळलं.

वीस दिवसांची वही

त्यांना मी एक वही दिली. रोज चार गोष्टी लिहायच्या : घरातून निघाल्याची वेळ, इमारतीच्या दारात पोचल्याची वेळ, वाटेत काही झालं असेल तर ते, आणि पोचल्यावर जीव किती कावलेला आहे याचा एक ते दहामधला आकडा. संध्याकाळी फक्त निघाल्याची आणि घरी पोचल्याची वेळ. कामाचे वीस दिवस.

वही परत आली तेव्हा आम्ही दोघी बसून बेरजा केल्या. वीसपैकी १४ दिवस त्या साधारण ४० मिनिटं आधी पोचल्या होत्या. चार दिवस जेमतेम दहा मिनिटं आधी. दोन दिवस उशीर : एकदा १२ मिनिटं, एकदा १९. म्हणजे ज्या बाईंच्या नावावर उशिराचा शिक्का होता त्या महिन्याला पूर्ण दहा तास ऑफिसच्या दारात लवकर येऊन बसत होत्या. सव्वानऊच्या आत कार्ड पंच केलं तरी धरलं जात नाही आणि तोवर वरचे दिवेही लागलेले नसतात, म्हणून जिना.

तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापायचा, हा आमचा नियम. अर्धा दिवस म्हणजे चार तासांचा पगार. तो वाचवायला बाई महिन्याला दहा तास भरत होत्या, आणि तरीही कधीकधी तो कापला जात होताच. नियम एक मिनिट उशीर आणि चाळीस मिनिटं उशीर यात फरक करत नाही, आणि लवकर आलेल्याची कुठे नोंदही ठेवत नाही. मग माणूस काय करणार? ज्या दिवशी सगळं बिघडेल त्या दिवसाचा अंदाज धरून तो रोज निघतो. वीसातल्या दोन वाईट दिवसांची किंमत उरलेल्या अठरा दिवसांच्या झोपेतून जाते.

अर्थशास्त्रज्ञांनी हे फार आधी ओळखलं आहे. केनेथ स्मॉल यांनी १९८२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नोकरदारांच्या प्रवासाचा अभ्यास करून दाखवलं की उशिराचं एक मिनिट माणसाला गाडीत घालवलेल्या मिनिटाच्या दुपटीहून जड जातं, आणि लवकर पोचून वाट पाहण्याचं मिनिट त्याहून हलकं. म्हणून लोक लवकर पोचणं पत्करतात. पण हलकं म्हणजे फुकट नव्हे. बाईंसाठी ती मिनिटं म्हणजे सकाळी मुलगी उठायच्या आधी घर सोडणं होतं. वहीच्या एका पानाच्या कडेला, मी विचारलेलं नसतानाही, त्यांनी लिहिलं होतं : 'आज परत झोपेतच पापा घेतला.'

खर्च : पास सोडून उरलेला

प्रवासखर्च म्हटलं की सगळे पासाचा आकडा सांगतात. त्यांनीही तोच सांगितला. हातात येणाऱ्या पगाराचे शंभर भाग केले तर पासाला चार भाग जात होते. मी म्हटलं, "एवढंच?" त्या "हो" म्हणाल्या. मग आम्ही महिनाभरातले इतर खर्च उकरून काढले.

जंक्शनला दुसरी गाडी येत नाही, प्लॅटफॉर्म तुडुंब भरलाय, घड्याळ पुढे सरकतंय, अशा वेळी बाहेर पडून टॅक्सी. त्या महिन्यात तीनदा. शंभरातले तीन भाग. टॅक्सी त्यांच्या हिशेबात 'प्रवास' या नावाखाली नव्हतीच, 'अडचण' म्हणून होती. मुलीला संध्याकाळी सांभाळणाऱ्या बाईंना रोजच्या जादा तासाचे पैसे : आणखी चार. हे त्यांच्या हिशेबात मुलीचा खर्च म्हणून होतं. पण आई साडेसहाला घरी पोचत असती तर तो तास लागलाच नसता.

असे अकरा भाग झाले. पास त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा.

वेळेचा हिशेब त्याहून जड. सकाळी घर सोडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंतचे वीस दिवसांचे ४४ तास, संध्याकाळचे ३५. म्हणजे महिन्याला ७९ तास. कामाचे तास १६०. दर दोन तास कामामागे एक तास जाण्या-येण्याचा, आणि तो बिनपगारी. अकरा भाग वजा करून उरलेला पगार या सगळ्या तासांवर वाटला तर कागदावरच्या तासाच्या शंभर रुपयांतले साठच उरतात. हा आकडा काढला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

घर लांब असेल तर ते स्वस्त पडतं, त्यात प्रवासाची भरपाई होते, असं शहरांच्या अर्थशास्त्रात १९६०च्या दशकापासून मांडलं जातं. विल्यम अलोन्सो हे त्यातलं ठळक नाव. झुरिकच्या ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुत्सर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन हे तपासलं. भरपाई पुरी होत असेल तर लांबून येणारा आणि जवळ राहणारा सारखेच समाधानी असायला हवेत. तसं निघालं नाही. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. मला यातलं कारण पटतं ते असं : जास्तीची खोली घेताना माणूस ती डोळ्यांनी बघतो, मापतो. जाणाऱ्या तासांना मात्र भिंती नसतात. बाईंनी घर घेताना गाडीचा वेळ ५२ मिनिटं धरला होता. बाकीचं त्या जगायला लागल्यावर समजलं.

जीव कशाने कावतो

माझी अपेक्षा साधी होती : जास्त मिनिटं, जास्त त्रास. वहीने ती खोटी ठरवली. एका दिवशी प्रवास १२१ मिनिटांचा झाला आणि आकडा होता चार. त्या दिवशी पहिल्याच स्टेशनवर उद्घोषणा झाली होती की गाड्या अर्धा तास उशिराने आहेत. त्यांना खिडकीची जागा मिळाली, ऑफिसात फोन करून सांगितलं, आणि त्या बसून राहिल्या. दुसऱ्या एका दिवशी प्रवास अवघा ९२ मिनिटांचा, आणि आकडा आठ. कारण लिहिलं होतं : 'दार तोंडावर बंद झालं.'

मी एक सकाळ त्यांच्यासोबत गेले. त्या मागून सहाव्या डब्याच्या तिसऱ्या दाराशी उभ्या राहतात, कारण जंक्शनला ते दार बरोबर जिन्यासमोर लागतं. जिन्याला ४३ पायऱ्या आहेत, त्यांना पाठ. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचं बोलणं थांबलं. पर्स पुढे घेतली, दांडा सोडून दाराची कड धरली, एक पाय पुढे. गाडी थांबायच्या आधीच त्यांचं अंग धावायला लागलं होतं. माझ्या आणि त्यांच्यामध्ये वीसेक माणसं घुसली. वर पोचले तर त्या समोरच्या गाडीत चढल्या होत्या आणि मी प्लॅटफॉर्मवर. बंद दारामागून त्यांनी हात केला. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि दिवस अजून सुरू व्हायचा होता.

रिचर्ड वेनर आणि गॅरी इव्हान्स या दोन संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला गाडीने येणाऱ्या नोकरदारांवर बरीच वर्षं काम केलं. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजायचं, आणि प्रवास संपल्यावर प्रूफ तपासण्यासारखं बारीक काम द्यायचं. प्रवास लांबेल तसं कॉर्टिसोल वाढलेलं आणि कामातलं लक्ष उतरलेलं दिसलं. पण माझं लक्ष वेधलं ते त्यांच्या दुसऱ्या निरीक्षणाने. १९९६ साली तिथे काही गाड्या, होबोकन या मधल्या स्टेशनवर गाडी बदलायला न लावता, थेट मॅनहॅटनला जायला लागल्या. ज्यांची गाडी बदलायची दगदग गेली त्यांचा ताण कमी झाला. आणखी एक : डब्यात एकूण किती माणसं आहेत यापेक्षा आपल्या शेजारी अंगाला खेटून किती बसली आहेत, याने ताण जास्त ठरतो.

आणि दिवसातली वेळही पाहायला हवी. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तुकडा-तुकडा आठवून प्रत्येक वेळी मनाला कसं वाटत होतं ते विचारलं. सकाळचा नोकरीचा प्रवास यादीत अगदी तळाशी होता. नोकरीचं काम आणि घरकाम त्याच्या वर. आमच्या ऑफिसात मात्र साडेनऊच्या आधीचं काहीच मोजलं जात नव्हतं.

काय केलं

घर बदलायचा विचार त्यांनीच आधी करून टाकून दिला होता. जवळ यायचं तर पगाराचा तिसरा हिस्सा जादा भाड्यात गेला असता आणि नवऱ्याचा प्रवास सुरू झाला असता. आठवड्यातून एक दिवस घरून काम करा, हे मी सुचवलं. त्या नको म्हणाल्या : दोन खोल्या, दुपारी शाळेतून आलेली मुलगी आणि बिलांचे कागद सगळे ऑफिसात. मी आग्रह धरला नाही.

उरलं घड्याळ. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवलं होतं की अरुंद जागी रांग लागते ती माणसं जास्त असतात एवढ्यामुळे नाही, तर ती सगळी एकाच वेळी पोचू पाहतात म्हणून. ती वेळ कोण ठरवतं? आमच्यासारखी ऑफिसं. म्युनिकजवळच्या एका विमान-कंपनीत १९६७ साली कामाच्या वेळा सैल केल्या त्यामागेही हेच होतं, सगळे कामगार एकदमच येत आणि रस्ते तुंबत. क्रिस्टेल केमरर या अर्थतज्ज्ञ बाईंनी ही कल्पना मांडली होती. तिला आता अर्धशतक उलटून गेलं आणि आम्ही अजून लेटमार्क मोजत होतो.

मी प्रस्ताव दिला : बिलिंग विभागात तीन महिने नऊ ते दहा यात कधीही या, तास पूर्ण करून जा, त्या वेळात लेटमार्क नाही. विभागप्रमुखांनी विचारलं, "साडेनऊला काउंटरवर कोण बसणार?" प्रश्न रास्त होता. विभागातल्या सात जणांनी बसून त्याची पाळी लावली. जवळ राहणाऱ्या दोघांनी आपण होऊन जास्त दिवस घेतले. दुसरा प्रश्न होता, "उद्या सगळेच मागतील." त्याला मी एवढंच म्हटलं, की मागू देत.

दुसरी गोष्ट बाईंनी स्वतः शोधली. एका सकाळी दुसऱ्या मार्गावरच्या गाड्या पूर्ण बंद पडल्या, टॅक्सीही मिळेना, तेव्हा त्या जंक्शनपासून चालत आल्या. २६ मिनिटं लागली. परवापर्यंत दुसरी गाडी आणि शेवटची पायपीट मिळून २३ मिनिटं लागायची, चांगल्या दिवशी. वाईट दिवशी तास. चालत आलं तर रोज २६. अकरा वर्षांत कधी चालून पाहिलं नव्हतं. याचं मला नवल वाटत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद होती. त्या काळातल्या प्रवासी कार्डांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर संप मिटल्यावरही साधारण वीसात एक प्रवासी सापडलेल्या नव्या रस्त्यानेच जात राहिला. रोजच्या घाईत दुसरा रस्ता शोधून पाहण्याची जोखीम कोण घेणार, आणि तीही डोक्यावर लेटमार्क असताना?

तीन महिन्यांनी

दुसरी वही, पुन्हा वीस दिवस. आता त्या सात चाळीसला निघतात. बहुतेक दिवस सव्वानऊच्या आसपास पोचतात आणि पोचल्या की काम सुरू. संध्याकाळी तेवढ्याच आधी निघतात. प्रवास स्वतः फारसा लहान झालेला नाही, दीड तासाच्या थोडा वरच. तरी महिन्याला जवळजवळ ११ तास मोकळे झाले. टॅक्सी पहिल्या महिन्यात एकदा, नंतर नाही. सांभाळणाऱ्या बाईंचा जादा तास अर्ध्यावर आला. सकाळचा आकडा सरासरी सातवरून चारवर. सहाव्या डब्याच्या तिसऱ्या दाराशी त्या अजून उभ्या राहतात, सवयीने. पण जिन्यावर धावत नाहीत. त्यांना आता उलट्या बाजूने बाहेर पडायचं असतं.

बिलांमधल्या चुका कमी झाल्या, असं विभागप्रमुखांनी लिहून दिलं. ते मी या बदलाच्या खात्यावर जमा करत नाही, कारण त्या तिमाहीत काम हलकं होतं.

जे बदललं नाही तेही सांगते. संध्याकाळचा प्रवास आहे तसाच आहे. पाऊण तास उभ्याने, शेजारच्याचा कोपर बरगडीत. कंबर दुखते. आठवड्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्या पार गळून जातात. ३४ किलोमीटर ३४च राहिले. आणि आधीच्या तिमाहीत कापलेला एका दिवसाचा पगार परत द्यावा म्हणून मी दोनदा लिहिलं, दोनदा नकार आला. तिसरं पत्र तयार आहे. 'वेळेचं गांभीर्य नाही' हा शेरा मात्र विभागप्रमुखांनी स्वतः सही करून मागे घेतला.

नवा नियम आता तीन विभागांना लागू आहे. आमच्या इमारतीची साफसफाई करणाऱ्या बायका सकाळी सातला हजर असतात. त्यांची नेमणूक कंत्राटदाराकडून, म्हणून त्यांना हा नियम नाही. दहा मिनिटं उशीर झाला तर त्यांचा पूर्ण दिवस भरत नाही. त्यांच्यातल्या दोघींना मी वह्या दिल्या आहेत. एक जण पहाटे चार पन्नासला घर सोडते. वीस दिवस पुढच्या महिन्यात पुरे होतील.